अमावास्येचा ड्रायव्हर

ख्रिस्ती माणसाच्या ट्रकमध्ये नारळाच्या शेंड्या कशाला असाव्यात?

मी केबिनमध्ये सीटमागे हात घातला तेव्हा त्या माझ्या बोटांना लागल्या. ताज्या, पिवळसर. हुंगून पाहिल्या तर कापराचाही वास आला. गाडी कृपादानची होती. तो आदल्या दिवशी, अमावास्येला, जामखेडच्या गोदामात सरकारी धान्य टाकून आला होता आणि पोती पुन्हा वजनाला हलकी भरल्याची तक्रार त्याच्या मागोमाग येऊन थडकली होती. मी त्या शेंड्या खिशात टाकल्या आणि कोणाला काही बोललो नाही. संशय आला की लगेच बोलून मोकळं व्हायचं, ही माझी रीत नाही. मी तो मुरू देतो.

हे बाहत्तरच्या दुष्काळातलं. तेव्हा मी नगरला स्टेशन रोडवर काकासाहेबांच्या जोगेश्वरी लॉरी सर्व्हिसमध्ये मुकादम होतो. मुकादम म्हणजे माल भरून घेणारा, ताडपत्री-दोरी बघणारा, आणि ड्रायव्हर, हमाल, गिऱ्हाईक या सगळ्यांवर डोळा ठेवणारा. लोक म्हणायचे, गोरक्ष मुकादम सख्ख्या भावाचीसुद्धा झडती घेईल. घेतली होती एकदा. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

त्या रस्त्याला तेव्हा ट्रान्सपोर्टच्या कचेऱ्या ओळीनं होत्या. कचेरी म्हणजे पत्र्याचं शेड, एक टेबल, एक गादी, देवीचा फोटो आणि बहुतेक वेळा बंद असलेला फोन. मनमाड रोडला एमआयडीसीत कारखाने उभे राहायला लागले होते, त्यांचं लोखंड-सिमेंट आम्ही ओढायचो. राहुरी-श्रीरामपूरकडची साखर ओढायचो. दुष्काळ पडल्यावर उसाचं काही खरं राहिलं नाही आणि सगळ्यांचे डोळे सरकारी धान्याच्या कामाकडे लागले. मग तर विचारूच नका. या कंपनीचा मुकादम त्या कंपनीच्या दारात चहा प्यायला उभा राहिला, तरी दोन्हीकडच्या मालकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. कोण कोणाचं काम फोडतोय, कोण कोणाचा ड्रायव्हर पळवतोय, यापलीकडे त्या रस्त्यावर दुसरा विषय नव्हता.

अमावास्येला मात्र सगळ्या कंपन्या सारख्याच. त्या दिवशी गाडी लाइनवर जायची नाही. गाड्या धुवायच्या, हार घालायचे, बंपरला नवी लिंबू-मिरची बांधायची, चाकापुढे नारळ फोडायचा आणि मग ड्रायव्हरांनी झाडाखाली पत्ते कुटत बसायचं. हमालांचीही सुट्टी. एखाद्या मालकानं फार जोर केला, तर ड्रायव्हर किल्ली टेबलावर ठेवून सरळ घरी निघून जायचा, आणि त्या बाबतीत सगळा रस्ता ड्रायव्हरच्या बाजूनं असायचा.

म्हणून तर काकासाहेबांनी कृपादानला ठेवला. हा देवळाली प्रवराकडचा, आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती झालेलं घर. उंच, सावळा, चालताना मान जराशी पुढे काढायचा. काम मागायला आला तेव्हा त्यानं एकच अट घातली.

"मालक, रविवारी गाडी चालवनार न्हाई. चर्चला जातो मी."

"आन् अवसेला?" काकासाहेबांनी विचारलं.

"अवसेचं आमच्यात काय न्हाई."

काकासाहेबांनी त्याला उभ्या उभ्या ठेवून घेतलं. त्या दिवसापासून सगळ्या रस्त्यावरच्या गाड्या हार घालून उभ्या असताना आमची एक गाडी धान्य घेऊन जामखेडला निघायला लागली. सरकारी लोक खूश, काकासाहेब त्याहून खूश. रस्त्यानं कृपादानला नाव पाडलं, अमावास्येचा ड्रायव्हर. मात्र त्या दिवशी त्याच्याबरोबर बसायला एकही क्लीनर तयार व्हायचा नाही. तो एकटा जायचा, एकटा यायचा.

हमाल नसायचे, म्हणून ती गाडी आदल्या दिवशी दुपारीच भरून आमच्या कंपाउंडात उभी करावी लागायची. ताडपत्रीची दोरी आवळून झाली की मी तिला लोंबकळून बघायचो. काकासाहेबांचा मेहुणा सहादेव फाटकाला कुलूप लावायचा. कंपाउंडची किल्ली त्याच्याकडे असायची. सकाळी तो फाटक उघडायचा आणि कृपादान गाडी काढायचा.

मला हा माणूस पहिल्यापासून पटला नव्हता. पान नाही, तंबाखू नाही, बिडी नाही. आणि शिवी नाही! ड्रायव्हर शिवी देत नाही म्हणजे तो आत काहीतरी दाबून ठेवतो, असं माझं मत होतं आणि आजही आहे. बाकीचे ड्रायव्हर परत आले की रस्त्यात काय काय झालं ते तिखटमीठ लावून सांगायचे. याला विचारलं तर, "काय न्हाई मुकादम, गेलो आन् आलो." असं कुठं असतं का?

त्याची बायको दया मिशनच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. रविवारी चर्चमध्ये लहान मुलांचा वर्गही तीच घ्यायची. नवराबायको राहायचे शाळेच्याच आवारातल्या दोन खोल्यांत. मला सगळ्यांची माहिती ठेवायची सवय, म्हणून त्यांच्या चर्चच्या मंडळीचीही मी खोदून खोदून काढली होती. शिस्त फार कडक. आदल्याच वर्षी त्यांच्यातल्या एका शिक्षकानं गावच्या जत्रेत कोंबडं कापलं, तर त्याला चर्चमध्ये भाकर-द्राक्षरस वाटतात त्या प्रभुभोजनाच्या पंगतीतून बाहेर ठेवलं, नोकरीही गेली. हे सांगताना कृपादानचा आवाज एकदम खाली गेला होता. तेही मी मनात टिपून ठेवलं होतं.

मग पोती वजनाला हलकी भरायला लागली. तेव्हा सरकार अमेरिकेची लाल मिलो वाटत होतं. जनावरंसुद्धा तोंड फिरवतील असलं धान्य, पण लोक त्यासाठी दुकानापुढे दिवस दिवस उभे राहत होते. त्या पोत्यांची शिवण उसवून थोडं थोडं धान्य काढायचं आणि पुन्हा शिवून टाकायचं, असा प्रकार होता. बाकीच्या खेपांना काही नाही. फक्त अमावास्येच्या खेपेला. जामखेडच्या गोदामवाल्यानं निरोप पाठवला, की आता पुढच्या वेळी असं झालं तर तो सरळ पोलिसात जाईल. धान्य सरकारी, म्हणजे गाडी जप्त आणि ड्रायव्हर आत.

शेजारच्या कंपनीचा मुकादम भिमाजी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "गोरखभाऊ, तुमचा त्यो अवसेचा गडी भानामती करतोय. आरं, इतक्या अवसा झाल्या, गाडी कधी पंक्चरसुदिक न्हाई झाली. कसं काय?"

भिमाजीला आमचं काम हवं होतं, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे त्याच्यावरही माझा संशय होताच. पण खिशातल्या शेंड्या काही भिमाजीनं ठेवल्या नव्हत्या. मी माझा हिशोब मांडला. वाटेत कुठल्या तरी वाण्याशी याचं साटंलोटं असणार. हा मिलो उतरवतो आणि वाणी बदल्यात किराणा देतो. नारळ, कापूर, आणखी काय काय. घरी बायको शिकलेली, नीटनेटकी, तिला पाटीभर किराणा लागतच असेल. मला माझा तर्क इतका पक्का वाटला, की तो मी काकासाहेबांना सांगितला.

काकासाहेबांनी पुढच्या अमावास्येला मला एसटीनं मागे पाठवलं.

कृपादानची गाडी निघाल्यावर मी पुढच्या एसटीत बसलो, खिडकी धरून. बाहेर सगळं रान भाजून निघालेलं. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत होती, बायका डोक्यावर फडकी टाकून पाट्या उचलत होत्या. चिचोंडी मागे पडली आणि म्हसोबाच्या वळणावर लिंबाखाली मला आमची गाडी दिसली. केबिन रिकामी. कृपादान गाडीच्या मागच्या बाजूला उभा होता आणि त्याच्या दोन्ही हातांत ताडपत्रीची दोरी होती.

एसटी थांबली नाही, थांबायचं कारणही नव्हतं. मला जे बघायचं होतं ते दिसलं होतं. जामखेडला पोती तपासली, तर पुन्हा तेच. पोलिसात जायला निघालेल्या गोदामवाल्याला मी कसंबसं दोन दिवस थांबवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकासाहेबांनी त्याला कचेरीत बोलावलं. काकासाहेब गादीवर, सहादेव दाराशी, मी टेबलाजवळ. कृपादान टोपी हातात धरून उभा होता. बाहेर ड्रायव्हर-क्लीनर पत्र्याला कान लावून होते, हे न बघताही मला कळत होतं.

"म्हसोबाच्या वळनावर गाडी का थांबवली व्हती?" काकासाहेबांनी विचारलं.

कृपादान हातातली टोपी फिरवायला लागला.

"दोरीला हात का लावला?"

"ढिली झाली व्हती मालक. आवळत व्हतो."

"ते ऱ्हाऊ दे. थांबलास कशाला, ते आधी सांग."

 लघवीला थांबलो म्हणाला असता, तरी निम्मा सुटला असता. आमचे बाकीचे ड्रायव्हर असलं खोटं चहाच्या घोटाबरोबर बोलायचे. याला खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं काय ते तो सांगत नव्हता. मी खिशातून शेंड्या काढून टेबलावर ठेवल्या. त्या बघितल्याबरोबर त्याचा चेहरा पार उतरला. मला वाटलं, सापडला.

"दाजी, कशाला डोकं शिनवताय?" सहादेव म्हणाला. "पोलिसात द्या. सरकारी धान्य हाय. उद्या आपल्याच गळ्यात यायचं."

काकासाहेबांनी फोन उचलला. तो नेमका त्या दिवशी चालू होता.

तेवढ्यात दारातली गर्दी बाजूला झाली आणि दयाबाई आत आल्या. कोणीतरी शाळेत निरोप दिला असावा. पांढरी सुती साडी, काखेत छत्री, बोटांना खडू तसाच. उन्हातून भरभर चालत आल्यामुळे त्यांना धाप लागली होती.

"काकासाहेब, ह्यांना पोलिसात देऊ नका," त्या म्हणाल्या. "नारळ मी देते."

"कसला नारळ?"

"म्हसोबाला फोडायचा. त्या वाटेचे सगळेच ड्रायव्हर फोडतात."

कृपादाननं मान वर केली. "दया, गप ऱ्हा."

"का गप राहू? तुम्ही तुरुंगात जाल आणि मी फळ्यावर बाराखडी लिहीत बसू?" मग त्या काकासाहेबांकडे वळल्या. "पहिल्या अमावास्येला हे घरातून निघाले तेव्हा ह्यांचे हात थरथरत होते. कपातला चहा बशीत सांडला. मी काही विचारलं नाही. पुढच्या वेळी मी बाजारातून नारळ आणला आणि भाकरीच्या फडक्याखाली ठेवला. परत आले तेव्हा पिशवीत नारळ नव्हता आणि हात ठीक होते. तेव्हापासून दर अमावास्येला ठेवते. आम्ही आजवर त्यावर एक शब्द बोललेलो नाही."

"आन् कापूर?" मी विचारलं. शेंड्यांचा उलगडा झाला, पण वासाचा राहिला होता.

"तोही मीच देते," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

काकासाहेबांनी फोन खाली ठेवला. "बाई, तुमी तर प्रार्थना करनाऱ्या. तुमच्यात चालतं का हे?"

"चालत नाही. प्रार्थना मी करतेच, हे निघाले की येईपर्यंत. पण काकासाहेब, तुमच्या गाडीला तरी एकच ब्रेक असतो का? पायाचा असतो, तसा हाताचाही असतोच की."

कोणी हसलं नाही.  खडूची बोटं दयाबाईंनी पदराला पुसली आणि मगच त्यांना सुचलं असावं की आपण हे सगळं कोणासमोर बोललो. त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

म्हसोबाचं ठाणं त्या लिंबाखालीच आहे, हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या रस्त्याचा प्रत्येक ड्रायव्हर तिथं थांबतो. पण म्हसोबा आणि कृपादान यांची सांगड घालायची माझ्या डोक्यात येणार कशी? अमावास्येचं भय नाही म्हणून तर त्याला नोकरीवर ठेवलं होतं. माझ्यासारख्या संशयी माणसाला एवढा एकच संशय आला नाही.

"मालक, मी अवसेला भितो," कृपादान म्हणाला. "पयल्यापासूनच भितो. तवा खरं बोललो असतो तर तुमी मला ठेवलंच नसतं. आन् आता बोललो असतो तर हिची शाळा गेली असती." त्यानं टोपी टेबलावर ठेवली. "दोरीचं बी सांगतो. नारळ फोडून गाडीभवती फिरताना बघायचो, तर मागची दोरी ढिली. दर बारीला. मी आवळायचो आन् जायचो. कुठं बघितली, कशापायी उतरलो, हे कसं सांगायचं?"

आता माझं डोकं चालायला लागलं. अमावास्येच्या आदल्या दुपारी त्या दोरीला मी स्वतः लोंबकळलो होतो. माझ्या अंगाचा भार पेलणारी दोरी चिचोंडीपर्यंतच्या रस्त्यात आपोआप ढिली होत नाही. मी दोरी सोडल्यापासून कृपादाननं गाडी काढेपर्यंत ती गाडी फक्त एका ठिकाणी उभी होती. मी दाराकडे पाहिलं. सहादेव खाली वाकून आपल्या चपला शोधत होता. त्या त्याच्या पायातच होत्या.

काकासाहेबांनीही ते पाहिलं. त्यांनी फोन टेबलाच्या कडेला सरकवला. मग म्हणाले, "चला, ज्याच्या त्याच्या कामाला लागा."

संध्याकाळच्या आत सहादेवच्या भिंगारच्या खोलीतून मिलो निघाली. ती गुपचूप जामखेडला पोचती झाली, पोलिसाचं नाव कोणी काढलं नाही, आणि मेहुण्याची रवानगी गावाकडे, शेतीवर देखरेखीला झाली. पत्र्याला कान लावून बसलेल्यांनी दुसरी बातमी मात्र गावभर केली. रविवार उजाडायच्या आत ती चर्चच्या पंचांपर्यंत गेली. कृपादानला समज देऊन सोडलं, पण दयाबाई मुलांना शिकवणाऱ्या, म्हणून त्यांना प्रभुभोजनाला बसू नका असं सांगितलं, मुलांचा वर्ग काढून घेतला, आणि शाळेनं कामावर येऊ नका, खोल्याही बघा, असा निरोप दिला. याचा मला तेव्हाही राग आला आणि आज लिहितानाही येतो. आमच्या गाड्यांपुढे दर अमावास्येला ढीगभर नारळ फुटायचे. चोराला शेत राखायला मिळालं. शिक्षा काय ती एकट्या दयाबाईंना, एका लपवलेल्या नारळाची. काकासाहेबांनी त्या बाईला शब्दानं विचारलं नाही. उलट त्यांच्यासमोर मेहुण्याचं बिंग फुटलं म्हणून चार दिवस घुश्शात होते.

नवराबायकोंनी नगरातच कोठी भागात एक खोली घेतली. पुढे काही वर्षांनी कृपादान एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गाडीवर लागला, मंडळीनंही दयाबाईंना परत घेतलं आणि दोघं म्हातारपणी देवळालीला जाऊन राहिले, असं ऐकलं. ते खरं किती, मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही, आणि मी चौकशी केली नाही असं माझ्या आयुष्यात फार कमी वेळा झालं आहे.

माझ्या डोळ्यांसमोर आहे ती त्या प्रकारानंतरची पहिली अमावास्या. मला वाटलं होतं, आता हा येणारच नाही. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, बाकीच्यांसारखी किल्ली टेबलावर ठेवली असती तरी कोणी नावं ठेवली नसती. पण सकाळी तो आला, गाडीभोवती फिरला आणि सीटवर चढला. मी सवयीप्रमाणे त्याची पिशवी उघडली. भाकरी, ठेचा, कांदा. फडकं उचलून पाहिलं. खाली काही नव्हतं.

"नारळ कुठं हाय?" मी विचारलं.

"ह्या बारीला न्हाई आनला."

"म्हंजी म्हसोबाला थांबनार न्हाईस?"

"ती हाय ना संगं."

मी पलीकडे पाहिलं. क्लीनरच्या जागेवर दयाबाई बसल्या होत्या. डोक्यावर पदर, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये छत्री उभी धरलेली. एवढ्या अमावास्यांत जिथं बसायला एक गडी तयार झाला नव्हता, तिथं ती बाई समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत बसली होती आणि तिचे ओठ हलत होते.

मग मी कृपादानच्या हातांकडे पाहिलं. ते स्टिअरिंगवर स्थिर होते. मला खात्री वाटेना, म्हणून पायरीवर चढून जवळून पाहिलं. स्थिरच होते. मी खाली उतरलो, मागे जाऊन दोरीला एकदा लोंबकळून बघितलं आणि फाटक उघडलं.